मथुरे, तुझं डुलाचं झाड

मथुरे, तुझ्या तेराव्याच्या जेवणात सांबाराला मीठ नव्हतं. पंगतीत सगळे डोळे पुसत जेवत होते, म्हणून कोणी बोललं नाही. मी बोलले. तुझी सून विजया मिठाचं भांडं घेऊन धावली आणि वाढता वाढता माझ्याकडे बघून हसली. तेरा दिवसांत पहिल्यांदा हसली ती. तू असतीस तर तूच बोलली असतीस, आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं.

तुझ्या रघूनं मला हे लिहायला बसवलं आहे. आपल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर दोन पानं छापायची आहेत म्हणाला. जन्म कुठे, लग्न कधी, शाळेत किती वर्षं शिकवलंस, ते तो लिहील. मी चौथी शिकलेली बाई. मला दुसऱ्याविषयी लिहिता येत नाही, समोरच्याशी बोलता येतं. तेव्हा मी तुझ्याशीच बोलते. इतरांनी वाचलं तर वाचू दे.

आम्ही मद्रासला आलो ते आणीबाणी उठली त्या वर्षी. आमच्या ह्यांची बदली रेल्वेच्या कारखान्यात झाली आणि अयनावरमला तुमच्या घराचा खालचा मजला भाड्यानं मिळाला. मला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. दारात भाजीवाली ओरडत होती आणि मी नुसती मान हलवत होते. तू वरच्या खिडकीतून डोकावलीस आणि विचारलंस, "काय होणं तुम्हांस?"

मी म्हटलं, "मला काही होत नाही, मी ठणठणीत आहे."

तू हसत हसत खाली आलीस आणि मला पावशेर भेंडी घेऊन दिलीस. तुमच्या तंजावरच्या मराठीत काही हवं असलं की 'होणं' म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. तुमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि येताना आणलेली मराठी तुम्ही झाकण लावून ठेवलीत. माझी मराठी तुला बाजारातली वाटायची. तुझी मला पोथीतली वाटायची, वर सांबार ओतलेली. कोणाची खरी, हे आपलं कधी ठरलं नाही. तू वर राहायचीस, मी खाली. मथुरा वर आणि द्वारका खाली, यावरून गल्लीतल्या लोकांनी आपल्याला फार छळलं. "दोन्ही तीर्थं एकाच घरात, आता काशीला कशाला जायचं?" असं तो समोरचा इस्त्रीवाला प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचा.

झाड आलं ते तुझ्या भाच्यामुळे. सेतुमाधव, आपला सेतू. तो मॉरिशसला साखरेच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि पहिल्या सुट्टीला आला तेव्हा कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत चार बिया घेऊन आला. बारीक, काळपट. मी तर म्हटलं, हे मिरीचे दाणे दिसतात, आमटीत घाल.

सेतू म्हणाला, "मावशी, ते अख्खं बेट ज्वालामुखीतून वर आलेलं आहे. तिथल्या एका डोंगराच्या कड्यावर हे झुडूप वाढतं. जगात दुसरीकडे कुठे आपोआप उगवत नाही. लाल फूल, खाली लोंबतं. तिकडचे लोक त्याला कानातला डूल म्हणतात."

"वास येतो?" मी विचारलं.

"नाही."

"देवाला चालतं?"

"ते मला काय ठाऊक, द्वारकामावशी?"

"मग आणलंस कशाला?"

तू मला गप्प केलंस. मग सेतूनं सांगितलं की तिथे मराठी बोलणारी माणसं भेटली. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी रत्नागिरीकडून ऊस तोडायला गेलेल्यांची नातवंडं-पणतवंडं, आणि अजून घरोघर गणपती बसवतात. तू लगेच माझ्याकडे वळलीस. "म्हणजे तुझ्याच गावचे लोक ग. झाड तुझं माहेरचं निघालं." तू थट्टा केलीस. मी मात्र ती गोष्ट मनात धरून ठेवली. गणपती बसवतात आणि लाल फूल आहे, म्हणजे ते गणपतीला वाहत असणारच, असा मी माझ्यापुरता निकाल लावून टाकला. पुढचं सगळं त्या निकालातून झालं.

चारांतल्या तीन बिया गेल्या. एक रुजली. तिच्यासाठी तू जी माती केलीस तशी मी आमच्या कोकणातही कोणाला करताना पाहिली नाही. फुटक्या विटा, कोळसा, आणि रस्त्याच्या कामावरची खडी. खडी आपण दोघींनी पदरात भरून आणली. मुकादम ओरडला तर तू त्याला तमिळमध्ये इतकं सुनावलंस की त्यानं आणखी एक घमेलं भरून दिलं. गच्चीला तू मोट्टैमाडी म्हणायचीस. त्या मोट्टैमाडीवर कठड्याच्या कडेला सिमेंटचं टाकं ठेवून त्यात झाड लावलं आणि वर नारळाच्या झावळ्यांचा मांडव घातला.

"ज्वालामुखीचं झाड, त्याला सावली कशाला?" मी म्हटलं. "मद्रासचा मे महिना काय कमी आहे?"

"ज्वालामुखी थंड झालेला आहे," तू म्हणालीस. "मद्रास कुठे झालंय?"

पाच वर्षं ते नुसतं पानं काढत राहिलं. पानांची मागची बाजू मांजराच्या कानासारखी लवदार, तांबूस. तू येणाऱ्या-जाणाऱ्याला पान उलटं करून दाखवायचीस. मला त्यात काही विशेष वाटलं नाही आणि मी तसं सांगितलं. मग एका मार्गशीर्षात, तुम्ही मार्गळी म्हणता त्या महिन्यात, सकाळी सकाळी तुझी हाक आली, "द्वारके! वर ये! धावत ये!" मला वाटलं पडलीस. गॅसवरचं दूध तसंच टाकून आले. दूध उतू गेलं, पातेलं जळलं. वर तू हात पाठीशी बांधून उभी होतीस. फूल होतं. घंटेसारखं खाली लोंबणारं, लालभडक, आतून ओलं. टोकाशी रसाचा थेंब, तोही तांबडा. तू त्याला बोट लावलं नाहीस. मलाही लावू दिलं नाहीस.

आठवडाभर गल्ली जिना चढत होती. समोरच्या मामींनी विचारलं, "यानं साखर उतरते का?" तू म्हणालीस, "बघितलं की उतरते, खाल्लं की चढते." त्या बिचाऱ्या रोज बघायला यायला लागल्या.

त्याच सुमारास सेतूचं पत्र आलं. डोंगरावर आता अगदी मोजकी झुडपं उरली आहेत, सरकारी रोपवाटिकेतले लोक मिळेल त्या बीपासून रोपं करताहेत. ते पत्र तू मला दोनदा वाचून दाखवलंस. मग म्हणालीस, "द्वारके, बी धरलं की परत पाठवायचं. आणलेलं परत करायला होणं."

"चार बियांसाठी इतकं?"

"तुझ्या घरची वाटी मी कधी रिकामी पाठवली?"

नाही पाठवलीस. माझ्याकडून पुरणपोळी गेली की त्याच वाटीतून तुझी कोसंबिरी यायची, नाहीतर दोन लिंबं, निदान चिमूटभर साखर. आमच्याकडेही तीच रीत. पण वाटी एक मजला चढते. तुला डबी समुद्रापलीकडे भरून पाठवायची होती. तेव्हापासून तुझा जीव त्या बियांत अडकला. रघूचं प्रमोशन, विजयाचं बाळंतपण, सगळं त्यानंतर.

आता माझं सांगते. तुला नंतर कळलं, पण सगळं नीट कधी सांगितलं नाही.

माझा पितळेचा गणपती तुला माहीत आहे, वीतभर उंचीचा. त्याला रोज लाल फूल लागतं. गल्लीच्या टोकाला जास्वंद होती, ती गटार खणताना तोडली. तुझं बरं होतं. तुझ्या कृष्णाला तुळशीचं एक पान पुरतं. मी पहाटे पाचला वाळलेले कपडे काढायला गच्चीवर यायची आणि समोर ते लाल फूल. मी अन्याय केला नाही. फूल उमललं की दोन दिवस तुझ्या डोळ्यांसाठी ठेवायची. तिसऱ्या दिवशी खुडून गणपतीला. एका मोसमात पंधरा-सोळा फुलं, एकेक करून उमलणारी. तुझं पारायण आणि कॉफी होऊन तू वर यायचीस तोवर सात वाजलेले असायचे.

दुसऱ्या दिवशी ते फूल म्हणजे निर्माल्य. निर्माल्य कचऱ्यात टाकता येत नाही, पायदळी येता कामा नये. आमच्याकडे नदीत सोडतात. इथे कूवम नदी. तिच्या पुलावरून जाताना आपण नाक धरतो, तिथे देवाचं फूल कसं सोडू? मग मी ते वर आणून त्याच झाडाच्या टाक्यात ठेवायची. झाडाचं झाडाला. मला वाटायचं, किती स्वच्छ व्यवहार झाला.

आणि तू सात वाजता येऊन बघायचीस, तर तिसऱ्या दिवशी देठ रिकामा आणि चौथ्या दिवशी फूल टाक्यात; गळून पानांत अडकलं असेल, असं तुला वाटायचं.

तू काय काय केलंस! समईची वात घेऊन तिच्या टोकानं एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावलास. शेंगदाण्याची पेंड घातलीस. तांदळाचं धुवण, ताक, हिंगाचं पाणी. मी स्वतः ताक वर आणून दिलं. "तिसऱ्या दिवशीच कशी गळतात ग?" असं तू मला विचारायचीस आणि मी म्हणायची, "हवा मानवत नसेल." खोटं बोलत नव्हते मी. तुला वाटेल, फुलाचं फळ होतं हे चौथीतल्या पोरीला कळतं, हिला कसं कळलं नाही? पण मथुरे, जन्मभर मी जास्वंद तोडली. आमच्या दारच्या जास्वंदीला कधी फळ धरलेलं पाहिलं नाही, तोडा नाहीतर ठेवा. लाल फूल म्हणजे वाहायचं फूल. बी दुसरीकडून कुठूनतरी येत असेल, अशी माझी समजूत. पाच मोसम गेले असे.

पाचव्या मोसमात तू कॉलेजातले वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक आणलेस. सडपातळ तमिळ गृहस्थ. झाडाजवळ चपला काढून उभे राहिले, तेव्हाच मला आवडले. मी कॉफी घेऊन वर आले तर ते टाक्यातलं गळालेलं फूल भिंगाखाली धरून बसले होते.

"अम्मा, पराग भरपूर आहे," ते म्हणाले. "केवढा पिवळा! बी धरायला काहीच हरकत नव्हती." मग त्यांनी फूल उलटं केलं. "पण हा पाकळीच्या बाहेरून कसा?"

त्यांनी फुलाचा वास घेतला. बोटानं पुसून जिभेला लावला. "हे मंजळ आहे," ते म्हणाले. "हळद." मग पुन्हा भिंग लावून, "आणि हे कुंकू." चष्मा वर करून त्यांनी तुला अगदी आदरानं विचारलं, "अम्मा, तुम्ही या झाडाची पूजा करता का?"

"मी नाही," तू म्हणालीस.

मग तू माझ्याकडे बघितलंस. प्राध्यापकांनीही बघितलं. माझ्या हातात तीन पेल्यांचं ताट. मी म्हटलं, "कॉफी थंड होईल."

ते गृहस्थ कॉफी न पिता गेले इतकं तू मला बोललीस. तुझं तमिळ, तुझी मराठी, तुझं शाळेतलं इंग्रजी, सगळं एकदम बाहेर आलं. "त्या देशानं हे आपलं राष्ट्रीय फूल म्हणून नेमलंय! आणि तू त्याला हळदकुंकू लावून माझ्याच टाक्यात पुरतेस?"

"पुरलं नाही, ठेवलं. आणि कोणाच्या वेणीत नाही माळलं, गणपतीला वाहिलं."

"झाडावर होतं तेव्हा काय गणपतीचं नव्हतं?"

"गणपतीचं होतं, तर मग गणपतीला दिलं त्याचा राग कसला?"

"पो डी!" म्हणालीस तू. चालती हो. वीस वर्षांत मला पहिल्यांदा 'पो डी' म्हणालीस. मी गेले.

तो वाद अजून संपलेला नाही, हे लक्षात ठेव. मला अजूनही वाटतं की माझा मुद्दा बरोबर होता. माझं कृत्य चूक होतं, ते वेगळं.

सहा महिने तू बोलली नाहीस. निरोप विजयाकडून यायचे. मी संक्रांतीला तिळाच्या वड्या वर पाठवल्या. डबा परत आला, त्यात एक कच्चा आवळा. एक. बरं, रिकामा तरी नाही, मी म्हटलं. होळीला पोळ्या पाठवल्या, तेव्हा दोन वांगी आली. विजया जिन्यात उभी राहून म्हणायची, "मावशी, वांग्यांवरून वाटतं की महिनाभरात बोलतील." ती पोरगी आपल्या दोघींच्या मध्ये राहून शहाणी झाली.

मग तो उन्हाळा आला. विहीर आटली, नळाला तीन दिवसांआड पाणी. पाण्याची लॉरी आली की सगळी गल्ली रंगीबेरंगी प्लास्टिकची कुडमं, म्हणजे घागरी, घेऊन धावायची. प्रत्येक घराला चार कुडमं, एकही जास्त नाही. तुझा मांडव वाळून गेला होता. मी वर जाऊन बघितलं तर पानं गुंडाळायला लागली होती. तू तुमच्या चारांतलं अर्धं कुडम घालत होतीस, ते पुरत नव्हतं. म्हणून मी माझं एक कुडम कमरेवर घेऊन बत्तीस पायऱ्या चढले. आंघोळ एक दिवसाआड केली तर कोणी मरत नाही. आमच्या ह्यांनी कुरकुर केली, मी त्यांना लॉरीमागे उभं राहायला सांगितलं.

आठवडाभर चढत होते. तू दारात उभी राहून बघायचीस आणि तोंड फिरवायचीस. आठव्या दिवशी तू म्हणालीस, "एकाच बाजूला ओतू नको. मुळं कुजतील."

"मग नीट सांगायचं होतं पहिल्या दिवशी," मी म्हटलं.

"पहिल्या दिवशी मी बोलत नव्हते."

झालं. पुढचं तू माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझं डांगर खात बोललीस.

पुढच्या मोसमात कळ्या धरल्या आणि डॉक्टरांनी तुला जिना बंद केला. छातीचं निमित्त. तू म्हणालीस, "आता वात तुझ्या हातात." मी घाबरले, खरं सांगते. पण तू कुठे सोडणार? रघूनं तुझी खाट खाली आमच्या पुढच्या खोलीत आणली होती; अंगणात खुर्ची टाकून वर तोंड करून बसायचीस आणि मी गच्चीवर. सगळ्या गल्लीला ऐकू जायचं.

"कितवं फूल?"

"चौथं!"

"वातीचं टोक कोरडं आहे ना?"

"आहे ग बाई!"

"हात हळू! तुझा हात पोळ्या लाटणारा आहे!"

एके दिवशी संध्याकाळी कठड्यावरून एक पाल आली आणि सरळ फुलात तोंड घातलं तिनं. मी झाडू आणायला वळले. तू खालून ओरडलीस, "काय झालं?" मी म्हटलं, "पाल आहे, हाकलते." तू खुर्चीतून उठायला लागलीस. "हाकलू नको! सेतूनं लिहिलंय, तिकडे पालीच रस प्यायला येतात आणि पराग लावतात. येऊ दे तिला! बस म्हण!" इस्त्रीवाल्यानं इस्त्री बाजूला ठेवली. त्याला वाटलं वर पाहुणे आलेत. मला पालीची जन्माची किळस. तरी झाडू धरून मी बाजूला उभी राहिले आणि ती पाल पोट भरून पिऊन गेली. तिनं काम केलं की माझ्या वातीनं, ते देव जाणे. तू श्रेय पालीला दिलंस.

मी एकही फूल तोडलं नाही. माझ्या गणपतीनं ते तीन महिने दुकानातल्या शिळ्या शेवंतीवर काढले.

तीन बोंडं धरली. तुला ऐकून चैन पडेना, म्हणून रघू आणि विजयानं तुला खुर्चीसकट वर नेलं. तू एका बोंडाला एका बोटानं हात लावलास. हिरवं, लवदार, सुपारीहून लहान. मग म्हणालीस, "पाच वर्षं, द्वारके."

रागानं नाही. नुसतं म्हणालीस, जसं कोणी म्हणतं की आज गुरुवार.

मी म्हटलं, "हो." आणि मग विचारलं, "कॉफी घेशील?"

तिथे मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. पाच मोसम माझ्या हातानं गेले. ती फुलं राहिली असती तर आज त्या डोंगरावर तुझी रोपं उभी असती आणि त्यांचा फोटो तुझ्या उशाशी असता. हे मला तेव्हाही कळत होतं. चुकलं म्हणायला दोन क्षण लागतात. मी कॉफी करायला खाली गेले. माझी कॉफी तुला कधीच आवडली नाही, पातळ म्हणायचीस. त्या दिवशी मात्र सगळी प्यालीस.

चैत्रात दुपारी जेवून झोपलीस ती उठली नाहीस. बोंडं तेव्हा पिवळी पडायला लागली होती. मी रडले का, असं कोणी विचारलं तर सांगते, रडले. मग विजयाला खायला घातलं, कारण तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

सेतू दहाव्याला पोचला. अकराव्याला पहिलं बोंड तडकलं, बाराव्याला उरलेली दोन. तू असतीस तर पंचांग काढून बसली असतीस. मी स्टीलच्या ताटात झटकून घेतल्या. एकोणीस बिया.

तेराव्याची पंगत उठल्यावर सेतू ताट घेऊन ओसरीवर बसला. तुझे दीर, नणंदा, रघूच्या ऑफिसातले, समोरच्या मामी, सगळे होते. तुझ्या दिरांनी विचारलं, "फूल येऊन सहा-सात वर्षं झाली. इतका वेळ का लागला बी धरायला?"

रघू म्हणाला, "हवा मानवत नव्हती."

माझंच वाक्य. तू त्यालाही तेच सांगत राहिलीस म्हणायचं. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "हवा काही नाही. मी फुलं तोडत होते. गणपतीला वाहायला. पाच मोसम. तिचं नुकसान मी केलं आणि ती जिवंत असताना एकदाही तिला चुकले म्हटलं नाही. आता म्हणते, सगळ्यांसमोर."

समोरच्या मामींनी तोंडाला पदर लावला. सेतूनं मात्र खिशातून पाकीट काढलं, त्यातून घडी घातलेलं एक पत्र. प्राध्यापक येऊन गेले त्या महिन्यातलं, तुझ्या अक्षरातलं. त्यानं वाचून दाखवलं. तू लिहिलं होतंस:

'बी का धरत नव्हतं ते कळलं. खालच्या मजल्यावर एक खार राहते. वय झालेली, रत्नागिरीकडची, फार देवभोळी. तीच फुलं नेते आणि नेलेलं दुसऱ्या दिवशी आणून ठेवते, असली प्रामाणिक खार तू तिकडे पाहिली नसशील. मी अजून तिच्याशी बोलत नाही. जाळी बसवावी म्हटलं होतं. पण जाळी बसवली तर ती वर यायचीच नाही.'

सगळे हसले. मीही हसले, मग पदर तोंडावर घेतला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. रघू म्हणाला, "ही खार कोण, हे आईनं मला कधी सांगितलं नाही." विजया म्हणाली, "मला ठाऊक होतं." तिला सगळंच ठाऊक असतं.

सेतू परवा गेला. बिया कागदात गुंडाळून, कागद डबीत घालून, डबी शर्टाच्या आतल्या खिशात. रोपवाटिकेतल्या माणसाशी बोलणं झालंय म्हणाला, पोचल्या पोचल्या त्याच्या हातात देणार. रुजल्या की पत्र टाकेल. पत्र मी वर नेऊन मोठ्यानं वाचणार नाही, तसली नाटकं मला जमत नाहीत. विजयाला वाचायला लावीन आणि ऐकेन.

आता एक सांगायचं राहिलं. सगळ्या परत जाव्यात अशी तुझी इच्छा होती, मला माहीत आहे. एकोणीस होत्या, सतरा गेल्या. दोन मी ठेवल्या. सेतूला विचारून ठेवल्या, तो हो म्हणाला. वरचं झाड तुझं आहे, त्याला विजया पाणी घालते, मी त्याच्या फुलाला हात लावणार नाही. मला माझं झाड होणं. कोणाला विचारायला नको.

काल परसात विटा फोडल्या, कोळसा घातला. खडी आणायला इस्त्रीवाल्याला पाठवलं, कारण माझ्याच्यानं आता घमेलं उचलवत नाही. दोन्ही पेरल्या. रुजल्या तर फूल यायला पाच वर्षं. माझं वय मी इथे लिहीत नाही, पण तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे, हिशेब तू कर.

पहिलं फूल मी तोडणार आणि गणपतीला वाहणार. आत्ताच सांगून ठेवते. दुसरं झाडावर राहील.